मोटारी आल्या, आता ड्रायव्हर कुठला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळच्या पत्रांत अर्धी तरी सीएनसीवरची, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने कापणाऱ्या मशीनवरची आहेत. कारण सगळ्यांना माहितीये, चवथ जवळ आली की गोव्यात ज्याच्याकडे लाकूड कापायचं सीएनसी राउटर आहे त्याच्या दारात मखराची डिझाईन घेऊन माणसं उभी राहतात, आणि ज्याच्याकडे नाही तो म्हणतो यंदा आपणच मशीन बांधूया. आणि बहुतेक सगळे एकाच जागी अडलेत, मोटारी (स्टेपर, म्हणजे ठरलेल्या पावलांनी, स्टेपनी फिरणाऱ्या) घेऊन झाल्या, त्यांना करंट मोजून देणारा ड्रायव्हर कुठला घ्यायचा. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : मी ६०० बाय ९०० चं राउटर बांधतोय, ६ आणि १२ एमएमचा प्लाय कापायला, मुख्यतः मखरं आणि देव्हाऱ्याच्या जाळ्या. नेमा २३ मापाच्या चार मोटारी घेतल्या, २.८ अँपिअरच्या, बॉलस्क्रू (मोटर फिरली की मशीन सरकवणारा स्क्रू) १६०५ आहे. दुकानदार म्हणतो टीबी ६६०० ड्रायव्हर लावा, ४ अँपिअरचा आहे, वर २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) द्या, खूप झालं. मित्र म्हणतो डीएम ५४२ च घे. मोटरच्या कागदावर तर ३.२ व्होल्ट लिहिलंय! कोणाचं ऐकू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मित्राचं ऐका. पण का ते समजून घ्या, नाहीतर उद्या तो आणखी काहीतरी महागडं सुचवेल आणि तेही घ्याल.

आधी ते ३.२ व्होल्ट डोक्यातून काढा. तो आकडा म्हणजे मोटर नुसती उभी असताना कॉइलमधून २.८ अँपिअर जायला किती व्होल्ट लागतात तो, कॉइलचा रेझिस्टन्स गुणिले करंट, बस. हल्लीचे सगळे ड्रायव्हर चॉपर पद्धतीचे असतात, ते व्होल्टेज भरपूर घेतात आणि करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की तोडतात, खाली आला की परत देतात, सेकंदाला हजारो वेळा. त्यामुळे ३६ व्होल्ट दिल्याने मोटर जळत नाही, चुकीचा करंट सेट केल्याने जळते.

मग जास्त व्होल्टेज हवं कशाला? कॉइलला इंडक्टन्स असतो, तो करंटला एकदम वाढू देत नाही. तुमच्या मोटरचा इंडक्टन्स पत्रात लिहिलेला नाही, कागदावर ‘एमएच’ असं लिहिलेला आकडा शोधा, आपण ३ धरून चालू. करंट शून्यापासून २.८ वर चढायला ढोबळमानाने इंडक्टन्स गुणिले करंट भागिले व्होल्टेज एवढा वेळ लागतो, म्हणजे २४ व्होल्टवर साधारण ०.३५ मिलिसेकंद आणि ३६ व्होल्टवर ०.२३. आता मोटर १००० आरपीएमने फिरवा, १६०५ स्क्रूवर (एका फेऱ्यात ५ एमएम) ते मिनिटाला ५००० एमएम झाले, रिकाम्या चालीला कोणालाही एवढं हवंच असतं. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, म्हणजे सेकंदाला ३३३३ स्टेप, एका स्टेपला वेळ मिळतो ०.३ मिलिसेकंद. बघा, २४ व्होल्टवर करंट पूर्ण चढायच्या आधीच पुढची स्टेप आली, ३६ वर थोडी जागा उरते. यात बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतःच तयार करते ते उलटं व्होल्टेज) अजून धरलाच नाही, तो धरला तर २४ ची अवस्था आणखी वाईट. मशीन हळू चालवताना सगळं गोड वाटतं, जोर असतो, आणि जरा वेग वाढवला की मोटर कुईं करून जागीच थरथरते, ते हेच.

वरची मर्यादा काढायलाही एक जुना ढोबळ नियम आहे, इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. तीनचं वर्गमूळ १.७३, म्हणजे ५५ व्होल्टच्या आसपास, त्यापुढे गेलात तर मोटर नुसती तापते. म्हणजे ३६ आणि ४८ दोन्ही मोटरला चालतात. पण डीएम ५४२ ची मर्यादा ५० व्होल्ट आहे आणि जड गँट्री (स्पिंडल घेऊन सरकणारा पूल) वेगात असताना एकदम थांबली की मोटर जनरेटर होऊन व्होल्टेज उलटं ड्रायव्हरकडे ढकलते, ४८ वर बसलेल्या ड्रायव्हरला मग वर श्वास घ्यायला दोनच व्होल्ट. म्हणून ३६ घ्या. पुरवठ्याच्या करंटसाठी चार मोटारी गुणिले २.८ करून ११ अँपिअरचा एसएमपीएस शोधत बसू नका, बेरजेचे दोन तृतीयांश धरले तरी पुरतात, साडेसातच्या आसपास, ३५० वॅटचा ३६ व्होल्टवाला डबा ९.७ अँपिअर देतो तो घ्या आणि विसरा.

आता टीबी ६६००. हा ड्रायव्हर वाईट आहे असं मी म्हणणार नाही, छोट्या नेमा २३ ला २४ व्होल्टवर लोक वर्षानुवर्षं चालवतायत. पण पहिली गोष्ट, डब्यावर टीबी ६६०० लिहिलेलं असतं आणि आत वेगळीच चिप निघते, टीबी ६७एस१०९ बऱ्याचदा दिसते, ती चांगली आहे पण मग वरची ‘४ अँपिअर’ची चिठ्ठी नक्की कशाबद्दल आहे ते सांगता येत नाही. दुसरी, डब्यावर ४२ व्होल्टची मर्यादा असते, ३६ म्हणजे काठावर. तिसरी आणि माझ्या मते खरी, मधल्या वेगात मोटर जिथे अंगात आल्यासारखी थरथरते तिथे हा स्वस्त ड्रायव्हर काही करत नाही, डीएम ५४२ मध्ये डिजिटल कंट्रोल आहे, तो करंटची लाट गुळगुळीत ठेवतो. जाळीच्या वळणांवर कडेला बारीक दातरं येतात ना, त्यातली बरीचशी इथून येतात, आणि मग पॉलिश पेपर घेऊन ती घासत बसायला घरातली पोरं लागतात. चार ड्रायव्हरमागे जो फरक पडतो तो एका वाया गेलेल्या १२ एमएम शीटच्या पुढे फार नाही.

करंट सेट करताना एक घोळ सगळेच करतात. डीएम ५४२ च्या पाठीवर तक्ता छापलेला असतो त्यात दोन रकाने आहेत, पीक (करंटच्या लाटेचं टोक) आणि आरएमएस (तिचा सरासरीसारखा आकडा). पीक २.८४ च्या समोर आरएमएस २.०३ आहे. पहिल्या दिवशी २.८४ पीकवर ठेवा, तासभर चालवून मोटरला हात लावा, गरम पण हात ठेवता येतो अशी असेल आणि जोर कमी वाटत असेल तर पुढचा खटका ३.३१, त्याच्यापुढे लाकडासाठी मला तरी गरज वाटत नाही. मोटर ७० डिग्रीला गेली म्हणून घाबरू नका, ती तशीच बनवलेली असते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ती आधीच चाळीसच्या घरातून सुरुवात करते हे लक्षात ठेवा. ड्रायव्हरवरच्या छोट्या खटक्यांपैकी चौथा ऑफ ठेवा, मशीन थांबलं की करंट आपोआप निम्मा होतो.

चार मोटारी म्हणजे वाय अक्षाला दोन असणार. त्या दोघींना एकाच ड्रायव्हरला जोडायचा मोह होतो, तो आवरा. पॅरलल जोडलं तर करंट दोघींत वाटला जातो, २.८ च्या दोन मोटारींना ५.६ लागतील आणि ड्रायव्हरकडे ४.२ आहे. चार मोटारी, चार ड्रायव्हर.

आणि हो, पॉवर चालू असताना मोटरची वायर काढू नका. कधीच. प्लग सैल असला तरी तेच होतं, कॉइलमधला करंट तुटतो, व्होल्टेजचा झटका ड्रायव्हरला बसतो आणि तो जातो. दुकानात ‘नवीनच होता, एकदम मेला’ म्हणून परत येणाऱ्या ड्रायव्हरांतले कितीतरी असेच गेलेले असतात.

प्रश्न : माझं छोटं मशीन आहे, ३०० बाय १८०, नेमा १७ च्या मोटारी, आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर सीएनसी शिल्ड (ड्रायव्हर बसवायचा जोडबोर्ड) आणि त्यावर ए ४९८८ ड्रायव्हर. नावाच्या पाट्या कोरतो. आवाज इतका की रात्री वरच्या मजल्यावरचे काका काठीने जमीन ठोकतात. टीएमसी २२०९ ड्रायव्हर टाकले तर शांत होतं म्हणे. टाकू का?
— म्हापशाहून

उत्तर : टाका, पण तीन गोष्टी बघून. एक, त्याची मर्यादा २९ व्होल्ट आहे, तुमचा पुरवठा १२ किंवा २४ असणार म्हणजे प्रश्न नाही. दोन, शिल्डवरचे जंपर, एका स्टेपचे किती भाग करायचे ते ठरवणाऱ्या छोट्या टोप्या. ए ४९८८ ला जंपर काढलेले असले की फुल स्टेप, आणि टीएमसी २२०९ ला तेच जंपर काढलेले असले की स्टेपचा आठवा भाग. ड्रायव्हर बदलून जंपर आणि स्टेप्स पर एमएम (एका एमएमला किती पल्स ते सेटिंग) तसेच ठेवले तर पाटीवरचं नाव भलत्याच मापात कोरलं जातं, आणि बऱ्याचदा मोटर उलटीही फिरते, दिशा सेटिंगमध्ये बदला. तीन, ही महत्त्वाची. तो शांत असतो तो स्टेल्थचॉप नावाच्या मोडमध्ये, आणि त्याच मोडमध्ये वेगात किंवा एकदम लोड आला की जोर कमी पडून स्टेप सुटू शकतात. थ्रीडी प्रिंटरला चालतं, तिथे नोझल हवेत फिरतो. तुमचा बिट लाकडात घुसलेला असतो आणि फणसाच्या लाकडात एखादी गाठ लागली की झालं. त्यासाठी स्प्रेडसायकल मोड आहे, मॉड्यूलवर स्प्रेड नावाची पिन असते ती हाय केली की तो चालू होतो, आवाज थोडा वाढतो पण ए ४९८८ पेक्षा बराच कमी राहतो. काकांना तेवढं चालेल.

नवीन घ्यायच्या आधी आहेत त्यांचा करंट तरी मोजा. बऱ्याच वेळा आवाज आणि सुटलेल्या स्टेप दोन्ही तिथूनच येतात, मॉड्यूल पिशवीतून काढून तसंच बसवलेलं असतं. मल्टिमीटरचा काळा ग्राउंडला, लाल त्या इवल्याशा पॉटच्या (करंट कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या) डोक्याला. चिपच्या बाजूचे दोन बारीक रेझिस्टर बघा, त्यावर ‘आर १००’ लिहिलं असेल तर ए ४९८८ वर हवा तेवढा करंट गुणिले ०.८ एवढे व्होल्ट दिसायला हवेत. मोटर १.३ अँपिअरची असेल तर १.०४ येतात, मी ०.९ च्या आसपास ठेवतो. ‘आर ०५०’ असेल तर बरोबर निम्मे. एक अँपिअरच्या वर चालवणार असाल तर वरचा हीटसिंक आणि पंखा पाहिजेच, चिकटपट्टीवाला हीटसिंक आपल्या हवेत घामेजून सुटतो आणि नेमका खालच्या पिनांवर पडतो, तेव्हा नीट दाबून बसवा. पॉट फिरवायला प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा स्क्रूड्रायव्हर, लोखंडी घसरला तर शेजारची पिन शॉर्ट.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्या प्रोजेक्टच्या मशीनला १६०५ बॉलस्क्रू आणि डीएम ५४२ आहे. अचूकता यावी म्हणून मायक्रोस्टेप ३२ (एका स्टेपचे ३२ भाग) ठेवलं, तर मशीन मिनिटाला १४०० एमएमच्या वर जातच नाही, पोझिशन हरवते. मोटर बदलावी का? कंट्रोलर म्हणून उनोवर जीआरबीएल हा प्रोग्राम आहे.
— एक विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : मोटरला हात लावू नकोस, खटके बदल. तूच हिशेब कर. २०० गुणिले ३२ भागिले ५, म्हणजे एका एमएमला १२८० पल्स. उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतं, त्याच्या वर त्याची ताकद नाही. ३०,००० भागिले १२८० म्हणजे सेकंदाला २३.४ एमएम, मिनिटाला १४०० च्या आसपास. तू जिथे अडलायस तो आकडा मोटरचा नाही रे, कंट्रोलरचा आहे. खटके ८ वर ने, एका एमएमला ३२० पल्स होतील आणि मर्यादा ५६०० वर जाईल, मग पुढे मोटर आणि व्होल्टेज काय म्हणतात ते बघू.

आणि अचूकता ३२ ने वाढतच नाही. मायक्रोस्टेपिंग म्हणजे दोन्ही कॉइलमधला करंट साइन लाटेत थोडा थोडा बदलून रोटरला मध्ये मध्ये उभं करणं. पण एका बारीक पावलाला जो जोर मिळतो तो फार कमी, ८ ला पूर्ण जोराच्या १९ ते २० टक्के, १६ ला दहाच्या आत, ३२ ला पाचच्या आत. बिट लाकडाला टेकलेला असताना, स्क्रूचं घर्षण असताना पहिली दोन-तीन बारीक पावलं नुसती कॉइलमध्येच राहतात, रोटर हलत नाही, मग एकदम हलतो. मायक्रोस्टेपिंगचा खरा फायदा मोटर गुळगुळीत चालते, आवाज आणि थरथर कमी होते हा, आणि तो ८ किंवा १६ ला पुरेसा मिळतो. ३२० पल्स म्हणजे तसंही एका पल्सला ०.००३ एमएम, तुझी फ्रेम यापेक्षा कितीतरी जास्त वाकत असेल. व्हायवामध्ये हे विचारलं तर सांग, मार्क मिळतील.

प्रश्न : घर किनाऱ्याला लागून आहे, मागच्या पावसाळ्यात पॅनलमधले सगळे टर्मिनल हिरवे पडले. शिवाय लाईट कधी जाईल सांगता येत नाही. ड्रायव्हर कसे सांभाळावेत? यूपीएस लावू का?
— काणकोणहून एक वाचक

उत्तर : खारी हवा, दमट हवा आणि एमडीएफची धूळ, ही तीन एकत्र आली की तांबं कळकतंच. पंखा लावून बाहेरची हवा आत ओढलीत तर मीठ आणि धूळ तुम्हीच आत बोलावता. बंद डबा घ्या, मोठा घ्या, ड्रायव्हर मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उभे बसवा, दोघांमध्ये बोटभर नाही, चांगली चार बोटं जागा सोडा, उष्णता पत्र्यातून बाहेर जाईल. पंखा लागणारच असेल तर फिल्टरसकट, आणि फिल्टर खरोखर धुवायचा. वायरीची टोकं पिन लग क्रिंप करून बसवा. सोल्डरने बांधून स्क्रूखाली देऊ नका, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो, मग वर सांगितलं तेच, चालू मोटरची वायर सुटली की ड्रायव्हर गेला. पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा मशीन तासभर चालू ठेवा, आतली ओल त्या उबेने निघते. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण त्या ओल्या झाल्या की बदलतो कोण!

यूपीएसचं म्हणाल तर नुसत्या कंट्रोलरला लावण्यात अर्थ नाही. लाईट गेली की मोटारींची पकड सुटते, कंट्रोलर जागा राहिला तरी त्याला वाटतं सगळं जागच्या जागी आहे आणि झेड खाली घसरलेला असतो. त्यापेक्षा लिमिट स्विच लावा, परत लाईट आली की होमिंग करा (स्विचला टेकवून मशीनला शून्य जागा परत दाखवा) आणि प्रोग्राम जिथे थांबला त्या ओळीपासून पुढे चालवा. पण त्याआधी याच्यापेक्षा मोठी गोष्ट. तुमचा स्पिंडल म्हणजे साधा हातातला राउटर असेल आणि त्याचा स्विच चालू स्थितीत अडकवलेला असेल, तर लाईट गेली, तुम्ही वाकून बिट बघताय आणि लाईट आली की तो आपोआप फिरायला लागतो. बोट जाईल. विहिरीच्या पंपाला असतो तसा कॉन्टॅक्टरवाला हिरवं-लाल बटणांचा स्टार्टर मशीनच्या मेन लाईनवर बसवा, लाईट आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत काही सुरू होत नाही. ड्रायव्हर मेला तर नवीन मिळतो, बोट मिळत नाही, म्हणून हे आधी करा. आणि एसएमपीएसचं अर्थिंग खरं आहे का ते तपासून घ्या, तीन पिनी प्लग असला म्हणजे भिंतीत अर्थ असतोच असं नाही.

प्रश्न : क्लोज्ड लूप स्टेपर घेतले तर स्टेप हरवायची भानगडच संपते असं ऐकलं. जास्त पैसे टाकावेत का?
— साखळी

उत्तर : लाकूड आणि ॲक्रिलिकसाठी, नाही. नीट निवडलेली ओपन लूप मोटर योग्य व्होल्टेजवर स्टेप हरवत नाही, हरवतेय म्हणजे कुठेतरी ॲक्सिलरेशन जास्त आहे किंवा फीड जास्त आहे, ते कमी करायला पैसे लागत नाहीत. क्लोज्ड लूपमध्ये मोटरच्या मागे एन्कोडर असतो आणि ड्रायव्हर चूक भरून काढतो, फारच अडलं तर अलार्म देतो. ती अलार्मची वायर मात्र कंट्रोलरला जोडावी लागते, बरेच लोक जोडतच नाहीत, म्हणजे एक मोटर थांबून ओरडतेय आणि बाकीच्या दोन मजेत कापतायत. आणि एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर आहे, स्क्रूवर नाही. कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल झाला तर मोटर बरोबर फिरते, एन्कोडर म्हणतो सगळं ठीक, आणि तुमचं काम वाकडं. ॲल्युमिनियम कापायचं असेल, रात्रभर चालणारे जॉब असतील, शीट महाग असेल तर घ्या, निदान झेडला घ्या.

प्रश्न : ईएसपी ३२ च्या बोर्डवरून डीएम ५४२ चालवतोय, कधी चालतो कधी नाही, एक्स बरोबर जातो आणि वाय मध्येच दिशा विसरतो. ड्रायव्हर खराब निघाला का?
— वेर्ण्याहून

उत्तर : ड्रायव्हर शाबूत आहे. ईएसपी ३२ ची पिन ३.३ व्होल्ट देते आणि डीएम ५४२ च्या आतल्या ऑप्टोला (सिग्नल प्रकाशाने पुढे देणाऱ्या भागाला) ५ व्होल्टची अपेक्षा असते, ३.३ वर तो कधी पेटतो कधी नाही, एक्सवाला नशिबाने पेटतोय एवढंच. मधे ७४एचसीटी२४५ बफर (३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी आयसी) टाका, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा द्या, पल्स आणि डायरेक्शन दोन्ही त्यातून न्या. दिशा बदलल्यावर पहिल्या पल्सच्या आधी डीएम ५४२ ला निदान ५ मायक्रोसेकंद लागतात, फर्मवेअरमध्ये तो उशीर आहे का बघा. सिग्नलच्या वायरी स्पिंडलच्या केबलला बांधू नका, शिल्डेड घ्या आणि शिल्ड एकाच टोकाला, पॅनलच्या बाजूला, अर्थ करा. आयसी घेताना मधलं ‘टी’ बघून घ्या, ७४एचसी२४५ ला ५ व्होल्टवर हाय समजायला साडेतीन व्होल्ट लागतात, म्हणजे तुमचा प्रश्न होता तिथेच राहील. काउंटरवरचा माणूस ‘सेमच आहे’ म्हणून तोच हातात देतो.